बिनपगारी मालक

८ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आज सकाळी पाणी उशिरा आलं. बँकेत जाऊन खात्यावरचं यांचं नाव कमी करून आले. दुपारी भिंगरीची आई आली.

तुमचा संसार मोडला तरी, हे गेल्यापासून ती अधूनमधून येते, भाजी चिरून देते, फार बोलत नाही. मलाही ते बरं वाटतं. आज मात्र निघताना तिने हळूच विचारलं, की तुझी खुर्च्या दुरुस्तीची कंपनी बुडाली का. मी म्हटलं, छे! कॉलेजच्या सगळ्या खुर्च्यांचं काम मिळालं, हाताखाली माणसं ठेवली, कंपनीच्या नावावर गाडी घेतली, असं तुझं पत्र समोरच पडलं होतं. मग कळलं, दोन महिने तू लेकीच्या खर्चाचे पैसे दिलेले नाहीस. आता मी संचालक आहे, पगार शून्य, नफा कंपनीचा, असं तिला कळवलंस. ती बिचारी तुझीच काळजी करत होती. भिंगरीचा पोहण्याचा क्लास तिने थांबवलाय. पोरीला सांगितलंय, तलाव दुरुस्तीला काढलाय.

कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती असते, हे तू मला पानभर समजावलं होतंस. असेल. पण भिंगरी त्या व्यक्तीची मुलगी नाही, तुझी आहे. तू उपाशी असतास तर मी डबा पाठवला असता. गाडीतून फिरणाऱ्याला डबा कसला पाठवायचा?

रागाव हवं तर, पण उत्तर लिही.

ताई

१७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो. मग माझी बाजू घेतील म्हणून तुझं पत्र घेऊन हिशेबनिसांकडे गेलो. ते चष्मा पुसत म्हणाले, ताईंचं बरोबर आहे. पगार किती घ्यायचा हे मीच ठरवतो, तेव्हा शून्यही माझाच. शिवाय पेट्रोल, फोन, दुपारचं जेवण, सगळं कंपनीच्या खर्चात. कोर्टाने विचारलं तर हा शून्य कोण मानणार? कोर्टाने ठरवलेली रक्कम झेपत नसेल तर तिथेच जाऊन कमी करून मागावी, आपल्या मनाने बंद करू नये.

खरं सांगू, झेपत होती. कंपनी नवी, म्हणून पै न् पै तिच्यातच राहावी असं वाटायचं. धाकट्या बाळाच्या कौतुकात थोरलीला विसरलो.

शनिवारी संचालक मंडळाची सभा बोलावली. मंडळ म्हणजे मी एकटा. भिंगरी कारखान्यात आली होती, तीही एका डुगडुगत्या खुर्चीवर बसली. संचालकाने दरमहा पगार घ्यावा आणि त्यातून आधी लेकीचे पैसे जावेत, असा ठराव मी मांडला. अनुमोदन मीच दिलं. कोणाचा विरोध आहे का, असं मीच मोठ्याने विचारलं. भिंगरीने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, कोणीच नाही म्हणत नव्हतं, तर मग इतके दिवस का लागले?”

सभेच्या वृत्तांतात तिचा प्रश्न जसाच्या तसा लिहिलाय. उत्तराला जागा सोडली आहे.

थकलेले सगळे पैसे सोमवारी पाठवले. आता तरी डबा पाठव.

तुझा पगारदार भाऊ

४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आज ऊन होतं. भिंगरी आणि तिची आई मला तलावावर घेऊन गेल्या. मी नको म्हणत होते. हे गेल्यापासून मी माणसांत फारशी जात नाही.

पोरगी उंच फळीवर चढली, आणि अख्ख्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, कोणाचा विरोध आहे का. मग स्वतःच अनुमोदन देऊन उडी मारली. मी इतकी हसले की शेजारची बाई वळून बघायला लागली. तिची आई माझा हात धरून हसत होती. घरी येताना तिने मला सांगितलं, की तुला चिडवायचं असेल तर आता तिलाही सामील करून घ्यावं.

डब्याचं बघते. आधी लेकीला घेऊन इथे जेवायला ये. लोभ आहेच, तो तू कंपनीच्या नावावर करू नकोस म्हणजे झालं.

ताई

ता. क. भिंगरीचा ओला टॉवेल माझ्याच पिशवीत राहिलाय. तो पिळून दोरीवर घालते, आणि मग पाकीट चिकटवते.