समेटाचा रकाना

१२ मार्च
ती. आईस सा. न. वि. वि.

तुझ्या कोर्टातल्या जुन्या फायलींनी माझा प्रबंध तारला बघ! नियमाप्रमाणे नावं झाकून घरच्या मारहाणीच्या सहाशे तक्रारी पाहिल्या. पाचशेवर बायकांनी मागे घेतल्यात आणि कारणाच्या रकान्यात बहुतेक एकच शब्द, ‘समेट’. अक्षर तुझंच, कारकूनबाई, लगेच ओळखलं. धोरण समितीला कच्चा अहवाल पाठवलाय, सोमवारी पक्का देणार. घरं आपसात सावरतात, तर महिला आधारगृहं कशाला, असं तिथे चाललंय. गुडघा शेकत जा, आळशीबाई! माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ठमी

१५ मार्च
चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. तो अहवाल देऊ नकोस गं. ‘समेट’ मी लिहिला, पण कुणा बाईने सांगितला म्हणून नव्हे. कारण भरल्याशिवाय फाईल बंद होत नसे. बाई टेबलापुढे, नवरा तिच्या मागे. त्याच्यादेखत काय विचारणार? साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, समेट लिहायचं आणि पुढची बोलवायची. सत्तावीस वर्षं मान खाली घालून लिहिलं.

तुझ्या मावशीची फाईलही त्यातच आहे. मागे भावजी उभे होते. माझी सख्खी धाकटी बहीण माझ्याकडे बघत राहिली आणि मी लिहिलं. अकरा दिवसांनी ती गेली. जिन्यावरून पडली असं तुलाही सांगितलं, ते खोटं होतं. तुझ्या प्रबंधाची तीन वर्षंही मीच पाण्यात घातली. क्षमा मागायला तोंड नाही.

तुझी आई

१९ मार्च
ती. आईस सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझं पत्र हातात धरवेना, इतका राग आला. मावशी माझीही होती गं! सोमवारी अहवाल दिला नाही. पण समिती म्हणते, रकाना खोटा असल्याचं लेखी द्या, नाहीतर आहे तेच धरू. ते फक्त तूच देऊ शकतेस. लोक तोंडात शेण घालतील, मावशीचा नवरा गप्प बसणार नाही. आग्रह करू नये, पण करते आहे.

ठमी

२३ मार्च
चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

सोबत निवेदन आहे, सहीनिशी. नावासकट मावशीचंच आधी लिहिलंय, म्हणजे पुढे मला कच खाता येणार नाही. तू रागावलेलीच राहा हवं तर, पण लिहीत जा.

तुझी आई