विकणे आहे: वामनकाकांच्या रेकॉर्डी

१७ ऑगस्ट १९८६, रविवार. जालना.
तारा बाळंतपणाला माहेरी आली. सोडायला व्याही आले होते. जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं, बारशाला पाळणा माझ्याकडून, अस्सल सागवानी. व्याही म्हणाले, कशाला उगीच खर्चा. मी म्हटलं, नातवंडासाठी कसला आलाय खर्चा. आमच्या सौ.नी, म्हणजे उमाने, माझ्याकडे बघत आमटी वाढली. मी मागितली नव्हती.
नंतर विचारलंच तिने, पैसे कुठून? म्हटलं, प्लॅन तयार आहे. वामनकाकांच्या रेकॉर्डी विकायच्या.

२० ऑगस्ट
माल तपासायला घेतला. काका सिकंदराबादला रेल्वेत गार्ड होते. तिथला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर कायमचा विलायतेला निघाला, जाताना रेकॉर्डींची ही लाकडी, पितळी कोपऱ्यांची पेटी त्यांना देऊन गेला. काकांनी मला दिली. सगळा स्विंग जॅझ, युद्धाच्या आधीचा, साहेब लोकांच्या डान्सचा. ट्रंपेट, क्लॅरिनेट, मधेच एक बाई गाते. मला त्याची काही विशेष गोडी नाही. क्वालिटी कळावी म्हणून ग्रामोफोनवर एक बाजू लावली. दोनदा. तिसऱ्यांदा नुसती खात्रीसाठी. उमा म्हणाली, अहो, पाय हलतोय.
मुंग्या आल्या होत्या.

३१ ऑगस्ट
पहिलं गिऱ्हाईक. संपत बँडवाला. डोळे मिटून ऐकलं त्याने. म्हणाला, "साहेब, वाजवणारे जबरदस्त हायेत. पण ह्याच्यावर नवरदेवाचं घोडं न्हाई नाचणार. बिचकंल." तरी चार-पाच नेतो म्हणाला. साफ नकार दिला. कलेक्शन फोडायचं नसतं, हे बिझनेसचं तत्त्व उमाला समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली.

१८ सप्टेंबर
पेपरातल्या छोट्या जाहिरातीला उत्तर! औरंगाबादचे एक डॉक्टर. स्वतः शौकीन. सगळ्या घेतो, भाव करणार नाही, शनिवारी येतो, असं लिहिलंय. मी उलट टपाली कळवलं, उद्यापासून पितृपक्ष, सौदा नको, पाच ऑक्टोबरला या. मी असलं काही मानत नाही. पण काकांची वस्तू आणि काकांचाच पंधरवडा. शिवाय तपासायच्या राहिलेल्या रेकॉर्डी तेवढ्यात तपासून होतील.

२५ सप्टेंबर
तपासणी जोरात. तारा म्हणाली, बाबा, नका ना विकू, साडीची झोळी बांधू की. तिला म्हटलं, व्याह्यांसमोर शब्द गेलाय, आता माघार नाही. भुजंग सुताराला सांगून आलो, चांगला साग बघून ठेव.

२ ऑक्टोबर, गुरुवार. ऑफिसला सुट्टी.
नवरात्राआधीचं दसरा काढणं चालू आहे. घरातली झाडून सगळी भांडी घासून गच्चीवर पालथी घातलीत, गोधड्या कठड्यावर. रेकॉर्डींना पावसाळ्याचा कुबट वास. डॉक्टर मंडळी वासाच्या बाबतीत कडक असतात. एकेक रेकॉर्ड साबणाच्या फडक्याने पुसली. मग ऊन दाखवायचं ठरवलं. खाली ठेवली तर धूळ, म्हणून प्रत्येक रेकॉर्ड एकेका पालथ्या पातेल्यावर. खालून हवा खेळती राहते. उमा म्हणाली, ऊन फार आहे हो. म्हटलं, तू गोधड्यांचं बघ, हे माझ्याकडे लागलं.
जेवून जरा आडवा झालो.

तोच दिवस, संध्याकाळ
रेकॉर्डींनी पातेल्यांचा आकार घेतलाय. ज्या तपेल्यांवर होत्या त्या जास्त खोल.
तारा रडली. मला जेवण गेलं नाही.

३ ऑक्टोबर
घाबरण्यासारखं काही नाही. ऊन लागून वाकलेली वस्तू ऊन लागूनच सरळ होणार. एक रेकॉर्ड पुन्हा तापवली आणि वर पाटा ठेवला. सरळ झाली. तुकडे सरळच असतात.
बाकीच्यांवर हा प्रयोग केला नाही.

५ ऑक्टोबर
डॉक्टर बराबर वेळेवर आले. चहा झाला. मी हुशारीने आधी नुसती कव्हरं दाखवली. ती त्यांनी एकेक करून उजेडात धरून वाचली. मग रेकॉर्डी दाखवल्या. त्यांनी एक उचलली, उलटी करून बघितली, पुन्हा सुलटी केली. मग हळूच विचारलं, हे कुणी केलं? म्हटलं, मराठवाड्याचं हवामान. उमा उठून आत गेली.
कबूल केल्याप्रमाणे त्यांनी भाव केला नाही.

१९ ऑक्टोबर
भुजंग आला. "साग बघून ठेवलाय, आणू का?" म्हटलं, सध्या मार्केट मंद आहे. उमाने कोपऱ्यातली रेकॉर्डींची पेटी पुढे ओढली आणि म्हणाली, हिचा होईल का रे पाळणा? आता रिकामीच आहे. त्याने पेटी वाजवून बघितली आणि उचलून घेऊन गेला. मला कुणी विचारलं नाही. परवानगी होतीच.

२८ ऑक्टोबर
मुलगी झाली. दोघी सुखरूप. ऑफिसात पेढे वाटले, स्वतःही दोनदा घेतला.

८ नोव्हेंबर
बारसं. पाळणा बघून व्याही चाटच पडले. पितळी कोपऱ्यांवर हात फिरवून म्हणाले, विलायती काम दिसतंय. म्हटलं, पहिल्यापासून हाच प्लॅन होता. उमाने परत आमटी वाढली.
घुगऱ्या वाटायला द्रोण कमी पडले, तर हिने रेकॉर्डी काढल्या. बायका एकेक भरून घेऊन गेल्या. सगळं कलेक्शन एका दुपारीत उठलं. घासाघीस नाही, तक्रार नाही.

संध्याकाळी
एक तक्रार आली. शेजारच्या द्वारकाबाई रेकॉर्ड घेऊन दारात. "भालचंद्रभाऊ, ह्याच्या बुडाला भोक हाय. घरापत्तोर घुगऱ्या सांडत गेल्या. बदलून द्या." भोकावर पान टाकायचं काम माझ्याकडे होतं, त्यांचं राहून गेलं असेल. त्यांना स्टीलची वाटी दिली. रेकॉर्ड धुऊन लेबल वाचलं. पहिल्या दिवशी तीनदा तपासलेली.
ग्रामोफोनवर ठेवून पाहिली. सुई काही टेकत नाही. नात किरकिरत होती, म्हणून पाळण्याची दोरी हातात घेतली आणि ट्रंपेटचा भाग तोंडानेच म्हटला. ती जास्तच रडायला लागली. उमा म्हणाली, अहो, पाय हलतोय.
मुंग्या आल्या नव्हत्या.