चालू स्थितीतला मोठा कॅमेरा

कोरगाव, पेडणे
११ मार्च १९८९

तीर्थस्वरूप जयवंतदादांस,

रामचंद्राचा साष्टांग नमस्कार. तुमची गुडघेदुखी कशी आहे? बेळगावच्या थंडीने वाढली असेल तर वाईट वाटते. पण पत्र गुडघ्याने लिहीत नाहीत, आणि माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, म्हणून हे तिसरे. वहिनींना नमस्कार. इकडे नंदा बरी आहे, मीही बरा आहे (असे लिहायची पद्धत आहे). काजूचे दिवस असल्याने गावभर बोंडांचा आंबूस वास सुटला आहे आणि वर्गात निम्मी मुले गैरहजर असतात. उरलेली झोपलेली असतात.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या उच्च माध्यमिकात दोन वर्षांपूर्वी छायाचित्रणाचा अभ्यासक्रम निघाला आणि चित्रकलेचा मास्तर म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. माझी नोकरी तर पहिल्यापासूनच वर्षावर्षाच्या करारावर. एक छोटा कॅमेरा आणि अकरा मुले. मुले एका रोळात छत्तीस फोटो खटाखट काढायची आणि छत्तिसांतल्या एकातही आपण काय पाहिले ते त्यांना सांगता यायचे नाही. म्हणून मला मोठा कॅमेरा हवा होता. लाकडी, घड्यांच्या भात्याचा, एका वेळी पोस्टकार्डाएवढी एकच फिल्म घेणारा. एकच फिल्म म्हटले की माणूस बटण दाबण्याआधी डोळे उघडतो, असा माझा विश्वास होता. (अजून आहे. एवढीच एक गोष्ट माझ्याकडे शिल्लक आहे.) नव्या कॅमेऱ्याची किंमत ऐकून आमचे सेक्रेटरी गोकुळदासबाब म्हणाले, त्यात शाळेचे छप्पर होईल. मग तुमचे पत्र आले, की तुमच्या वारलेल्या उस्तादांचा कॅमेरा पडून आहे, स्वस्तात मिळेल, आणि तो 'एकदम चालू स्थितीत' आहे. हे तीन शब्द तुम्ही अधोरेखित केले होते. मी ते पत्र जपून ठेवले आहे, भीती नसावी.

खरेदीच्या मंजुरीसाठी मी आधी मराठीत अर्ज केला. आता राज्यभाषा कोंकणी झाली, म्हणून तो परत आला. कोंकणीत केला, तर तो वाचून सही करायची जबाबदारी कोणी घेईना. शेवटी इंग्रजीत केला, तो कोणालाच नीट कळला नाही आणि लगेच मंजूर झाला. मी कॅमेरा आणायला बेळगावला आलो, तेव्हा तुम्ही आपल्या फोटोच्या दुकानात नव्हता. वहिनींनी बांधून ठेवलेली पेटी आणि पंचवीस-पंचवीस फिल्मांचे दोन डबे माझ्या हाती दिले. त्या वेळी तुमच्या नसण्यात मला काही विशेष वाटले नाही.

आंबोलीमार्गे सावंतवाडी, तिथून दुसरी बस. पेटी मांडीवर घेऊन मी हद्दीवरच्या नाक्यापर्यंत आलो आणि तिथे तपासणीला शिपाई चढला. लाकडी पेटी पाहून त्याला दारूचा संशय आला. मी म्हटले, बाबा, गोव्याबाहेरून गोव्यात दारू कोण नेईल? हा विनोद त्याला आवडला नाही. त्याने मला खाली उतरवले. फिल्मच्या डब्यावर, फक्त अंधाऱ्या खोलीत उघडा, असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. ते मी त्याला वाचून दाखवले, आणि तिथेच चुकलो. अंधारात उघडायची वस्तू म्हटल्यावर कोणता शिपाई ती उजेडात उघडणार नाही? भर दुपारच्या उन्हात त्याने दोन्ही डबे उघडले, एकेक फिल्म उलटसुलट करून पाहिली, आणि सभ्यपणे परत देत म्हणाला, "मास्तर, हातूंत कांयच ना."

त्या क्षणापासून खरेच काही नव्हते.

शाळेत पेटी उघडली. दादा, कॅमेऱ्याचा भाता पूर्ण ताणून, डोक्यावर काळे कापड घेऊन मी आत पाहिले, तेव्हा मला आभाळभर चांदणे दिसले. मी भोके मोजू लागलो आणि साठाला थांबलो. झुरळांनी तुमच्या उस्तादांच्या मागे त्यांचा धंदा चालवला होता. मी तसाच कापडाखाली बसून राहिलो, कारण बाहेर अकरा मुले उभी होती आणि तोंड दाखवायचे धैर्य नव्हते. शेवटी पूनम नावाच्या मुलीने कापड उचलून विचारले, "सर, काय दिसला?" (ही मूळची वेंगुर्ल्याकडची. वडील डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवतात.) मी म्हटले, सगळेच दिसले. तिने स्वतः आत डोके घातले, बाहेर आली आणि म्हणाली, "शिवून व्हतला." नंदाची छत्री कापून (नंदाने अजून मला माफ केलेले नाही) त्या पोरीने आठवडाभर रोज शाळा सुटल्यावर ठिगळे शिवली, वरून सरस फासला, आणि उजेड थांबला.

फिल्म नव्हतीच. मग फोटो छापायचा साधा ब्रोमाइड कागद त्या मापाचा कापून आत घातला. काम होते, पण कागद मंद. लेन्सचे झाकण काढून सावलीत आठ आकडे मोजावे लागतात आणि तोवर समोरच्याने हलायचे नाही. पोदेर पाव विकायचा थांबून आठ आकडे उभा राहीना. गाय राहीना. मग पूनम आम्हाला मोप्याच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या पठारावर घेऊन गेली, म्हणाली, दगड हलत नाहीत. तिने अर्धा तास कॅमेऱ्याच्या काचेवरच्या उलट्या चित्राकडे पाहिले आणि मग एकच फोटो काढला. काळ्याचे पांढरे झालेल्या त्या कागदावरून दुसरा छापला, तेव्हा तांबड्या दिव्याखाली तो उमटू लागला. नुसता ओसाड कातळ, पण त्यावरची सुकलेल्या गवताची एकेक काडी मोजून घ्यावी. अकराही मुले गप्प झाली. दादा, बारा वर्षांच्या नोकरीत माझा वर्ग न ओरडता गप्प झाला तो त्या एका दिवशी.

फेब्रुवारीत मंडळाचे तपासनीस आले. गोकुळदासबाबांना साहेबांबरोबर मोठ्या कॅमेऱ्याने फोटो हवा होता. आधी त्यांनी कापडाखाली डोके घातले आणि साहेब उलटे लटकलेले पाहून मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, उरफाटें दिसता. मोडका कॅमेरा घेतलात?" उलटेच दिसायचे असते, हे मी चार वेळा समजावले. मग सगळे व्हरांड्यात बसले, पूनमने झाकण काढले, मी मोजू लागलो. तीनला गोकुळदासबाब साहेबांना नारळपाणी हवे का विचारायला वळले. पाचला परत वळले. सातला नारळपाणी आणणाऱ्यावर खेकसले. फोटोत साहेब सुरेख आले आहेत, आणि शेजारच्या खुर्चीत एका धुराच्या लोटाला तीन नाके आहेत. तो दाबून ठेवायची अक्कल मला होती. पूनमला नव्हती. तिने तो स्वच्छ धुऊन, वाळवून, नोटीसबोर्डावर लावला. मीही तो उतरवला नाही, कारण तो निर्दोष छापला होता.

पुढच्याच बैठकीत ठराव झाला की छायाचित्रणाला भवितव्य नाही, खोलीत संगणक येईल. (संगणक आलेला नाही. कुलूप आले आहे.) कॅमेरा गोकुळदासबाबांच्या ऑफिसात काचेच्या कपाटात गेला आहे आणि पाहुण्यांना तो शंभर वर्षांचा म्हणून दाखवतात. पूनमला शिवणकामाच्या वर्गात घातले. ठिगळे चांगली लावते, असे कारण दिले.

यात तुमचा दोष नाही असे मी म्हणणार होतो, पण इतके लिहिल्यावर ते जमत नाही. तुम्हाला भोके ठाऊक होती. म्हणूनच त्या दिवशी तुम्ही दुकानात नव्हता. लोभ जितका आहे तितकाच राहू द्यावा, वाढवायची घाई नाही.

तुमचा धाकटा मावसभाऊ,
रामचंद्र

ता. क. — माझा करार याच महिन्याच्या अखेरीस संपतो. नवा होणार नाही, असे तोंडी कळले आहे. नंदाला सांगितलेले नाही, तेव्हा उत्तर घरी न पाठवता, पोस्टमास्तरांनी ठेवून घ्यावे असे वर लिहून पाठवावे.

पुन्हा ता. क. — वहिनी त्या दिवशी म्हणत होत्या की तुम्हाला डार्करूमला माणूस हवा आहे. मी येऊ शकेन. पगाराचे तुम्ही म्हणाल तसे. जागा भरली असल्यास हे पत्र केवळ खुशालीचे समजावे.