आत्याच्या ट्रॅकवरची झांज

मंगळवार संध्याकाळ, फ्रीगंज, १९९४

चिडचिड होतेय नुसती. हे जुनं कॅसेट-मशीन तबला, पेटी, तानपुरा आणि गाणं चार ट्रॅकवर वेगवेगळं ठेवतं. प्रत्येकाचा फेडर वेगळा, सरकवला की आवाज कमी-जास्त. एवढं समजलं. मग काल आत्याचा आवाज वर केला की झांजही का वाढत होती?

कारण आत्या झांज वाजवतच गाते. भजनी मंडळात आयुष्यभर तशीच गायली. एकाच माइकमध्ये दोन्ही गेलं, फेडर बिचारा काय करणार?

सकाळी म्हटलं, "आत्या, झांज बाजूला ठेव ना. परत एकदा गा."

"अरे, रिकाम्या हातांनी गायचं कसं? अटपटं वाटतं." तरी माझ्यासाठी ठेवली.

चारही ट्रॅक भरलेले. नवं गाणं जुन्यावरच घ्यावं लागणार, म्हणजे जुनं पुसलं जाणार. आधी कॉपी काढून ठेवायला काय झालं होतं मला? दुपारच्या बसनं ती निघायची होती, पुण्याला मुलाकडे, कायमची. लाल बटण दाबून टाकलं.

आत्ता ऐकतोय. आवाज साफ, झांजेचा मागमूस नाही. फेडर वर नेतो, खाली आणतो. सूर बरोबर आहेत, पण परीक्षेला बसल्यासारखी गातेय.

"अब ठीक आहे ना रे?" तिनं विचारलं होतं. मी हो म्हणालो.

देवास गेटच्या स्टँडवर बस सुटेपर्यंत खिडकीशी बसून, झांज वाजवत, तिनं तोच अभंग म्हटला. काय आवाज लागला होता!

मशीन इथे, टेबलावर होतं.