झीलकऱ्याचा राजीनामा

४ फेब्रुवारी
आजपासून गळा जपायचा. थंड बंद. तेलकट बंद. ढोलवाल्याशी बोलणं बंद.
लोकगीतांच्या ग्रुपमध्ये इतकी वर्षं मागे उभा राहून झील धरतोय. बुवा पुढे ओळ गातात, मी ती मागून उचलतो. सगळा डोलारा माझ्यावर. बोलून कोण दाखवतंय!

६ फेब्रुवारी
थंड प्यायलो. उकाडाच तसा होता.
आज प्रोग्राम. मेकअपरूम बाथरूमला चिकटून. ग्रुपची जाकिटं न धुता ट्रंकेत कोंबतात. माझ्या वाट्याला ढोलवाल्याचं आलं. काखेत ओलं. शी! त्यात बुवांनी माझ्या ग्लासात गुळण्या केल्या.
तरी गायलो. साउंडवाला म्हणाला, काका, जरा मागे सरका. सरकलो. म्हणाला, अजून. पाठ पडद्याला टेकली. आवाजात दम आहे, माइकला झेपत नाही.

९ फेब्रुवारी, सकाळ
ठरलं. सोलो करिअर. उद्यापासून पहाटे रियाज.

१० फेब्रुवारी, दुपार
पहाटेचा रियाज हे थोतांड आहे.
दुपारी बसलो. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, त्या ओळीत बुवा वरच्या सुरात जातात, तुम्ही कोसळता. आणि स्वतः गाऊन दाखवलं. मी म्हटलं, भांडी घासताना कोणीही गाईल.

१५ फेब्रुवारी
राजीनामा दिला! तालमीत, सगळ्यांदेखत. बुवा चहात बिस्किट बुडवत होते. 'बरं' म्हणाले. बिस्किट तुटून चहात पडलं, ते बोटाने काढून खाल्लं. मी माझा कप बाजूला सारला. पण बिस्किट तुटलं म्हणजे हात थरथरला असणार. धक्का बसलाय.
ढोलवाल्याने एवढंच विचारलं, जाकीट कधी आणून देणार?

१८ फेब्रुवारी
कोणाचा फोन नाही. मोबाइल बिघडला असावा म्हणून बायकोला रिंग द्यायला सांगितली. वाजला.

२१ फेब्रुवारी
आले! बुवा स्वतः घरी आले. मी मुद्दाम आतल्या खोलीत शर्ट बदलत बसलो. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा उपकार केल्यासारखं हो, असं ठरवलं.
बाहेर आलो तर बायको गात होती आणि बुवा डोळे मिटून ताल धरत होते. जाकीट न्यायला आले होते म्हणे. जिन्यात हिचा आवाज ऐकू आला. उद्यापासून तालमीला या, असं तिला सांगून मोकळेसुद्धा झाले.
तिने माझ्याकडे बघून विचारलं, काय म्हणता? मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती म्हणाली, त्यांना हो म्हणून झालंय, तुम्हाला चहाचं विचारतेय.
बुवांनी दोन कप चहा फुरक्या मारत प्यायला. किळसवाणा माणूस.

२४ फेब्रुवारी
तिला पुढे उभं करणार आहेत. बुवांच्या शेजारी. ओळखीने सगळं मिळतं. माझ्याच ओळखीने.

३ मार्च
तिचा पहिला प्रोग्राम. चुका टिपायच्या म्हणून मधल्या रांगेत बसलो. खुर्ची चिकट.
एक अंतरा बुवांनी तिला एकटीला दिला. हॉलमध्ये खोकणारेसुद्धा थांबले. गाणं संपल्यावर शेजारचा अनोळखी माणूस म्हणाला, या बाई इतकी वर्षं कुठे होत्या हो?
माझ्या घरात, असं सांगणार होतो. नाही सांगितलं.
ती चांगली गाते.
ही ओळ खोडली होती. परत लिहिली.