ड्यूगाल्डच्या बाटलीतलं लोणी

मी, एव्हिस जीन डालगार्नो, वय बहात्तर, राहणार ब्लफ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची झडप तेवढी शाबूत नाही, ती बदलायला पुढच्या गुरुवारी मला ड्यूनेडिनच्या इस्पितळात नेणार आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. खरे तर ज्याने दबाव आणायला हवा होता, त्याला काही ठाऊकच नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. माझे राहते घर, मागच्या शेडसकट, माझा धाकटा भाऊ ड्यूगाल्ड याला द्यावे. पस्तीस हंगाम त्याने समुद्रातून कालवे काढणाऱ्या बोटीवर घालवले, आणि बायको सोडून गेल्यापासून तो माझ्याकडेच राहतो. छताची पन्हाळी दर शरदात साफ करावी. "उद्या करतो" हे उत्तर या कलमाखाली ग्राह्य धरले जाणार नाही.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही त्यालाच. मात्र त्यातून आधी मोठ्या इस्पितळात त्याच्या फुप्फुसांची पूर्ण तपासणी व्हावी. कारण कलम ४ मध्ये आहे.

कलम ३. थेंबाथेंबाचे वजन सांगणारा माझा काटा आणि काचेचे सर्व ड्रॉपर इन्व्हरकार्गिलच्या बेव्हन प्रॉक्टरला द्यावेत. व्हेपचे, म्हणजे विजेवरच्या सिगारेटचे, लिक्विड घरी मिसळणाऱ्या आमच्या मंडळाचा तो म्होरक्या. एका वर्षी मंडळाच्या स्पर्धेत त्याने माझ्या कस्टर्डच्या चवीत स्ट्रॉबेरीचा अर्क ओतून पहिले बक्षीस लाटले, आणि वर मलाच म्हणाला, "तुमचा पाया चांगला होता हां, एव्हिस." ते मी विसरलेले नाही. तरीही काटा त्याला, कारण नंतर एकदा तो खरे बोलला आणि मी ऐकले नाही.

शेजारच्या वैओरा किंगीला माझी कस्टर्डची दोन जाड पातेली द्यायची होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून ती कालच तिच्या घरी पोचवली. हे काही कलम नव्हे.

कलम ४. शेडमधल्या कपाटातले अर्क, तयार बाटल्या आणि माझी हिरवी वही. हे कलम लांब आहे आणि लिहायला मला जड जाते आहे.

ड्यूगाल्ड पंधराव्या वर्षापासून सिगारेट ओढत होता. सहा वर्षांपूर्वी मी त्याला व्हेप आणून दिला आणि त्याचे लिक्विड घरी मिसळू लागले. तंबाखूच्या चवीचा अर्क आणला तर म्हणाला, "ओली राख चाटतोय असं वाटतं." फळांचा आणला तर म्हणाला, "ही तर पोरांची टूथपेस्ट." मी तीस वर्षे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कस्टर्ड ढवळले आहे. शेवटी तेच करून पाहिले.

नुसत्या व्हॅनिलाने कस्टर्ड होत नाही. अंड्याची चव देणारा एक अर्क लागतो, दाट सायीचा एक, आणि सगळ्यांत शेवटी लोण्याचा. लोण्याचा शंभरात एक भाग, बस्स. मग बाटली सहा आठवडे अंधारात मुरू द्यायची. सहा आठवड्यांनी त्याने एक झुरका घेतला आणि लगेच दुसरा घेतला. मग म्हणाला, "एव्ही, आईच्या पातेल्याच्या कडेला धरायची ना, ती साय आहे ही." त्याच दुपारी त्याने सिगारेटचे पाकीट आपल्या हाताने शेगडीत टाकले. मला आयुष्यात कशाचाही इतका अभिमान वाटला नव्हता.

ती साय लोण्याच्या अर्काची होती.

रोज स्वतः ओढून, चाखून चाखून माझी जीभ त्या चवीला मेली. मिसळणाऱ्या सगळ्यांचेच असे होते. मग मी त्याच्या जिभेवर भिस्त ठेवली. तो म्हणे, "जरा पुचाट झालंय गं," की मी लोणी वाढवी. एकाचे दोन भाग झाले, दोनाचे चार. त्याचीही जीभ मरत असेल, हे माझ्या डोक्यात आले नाही. एवढी वर्षे स्वयंपाक करून ही अक्कल.

दोन वर्षांपूर्वी बेव्हनने मला बाजूला घेतले. "एव्हिस, तो लोण्याचा अर्क केकसाठी असतो. खायला चालतो, छातीत ओढायला नाही. फुप्फुसातल्या बारीक नळ्या खराब होऊ शकतात त्यानं." त्याने एक कागदही दिला. मी म्हटले, "तू तुझी स्ट्रॉबेरी सांभाळ." घरी येऊन तो कागद तीनदा वाचला. मग लोण्याशिवाय बाटली केली. ड्यूगाल्डने तोंड वाकडे केले. "हे दवाखान्यातलं कस्टर्ड झालं." चौथ्या दिवशी त्याच्या रेनकोटच्या खिशात मला सिगारेटचे पाकीट सापडले.

मी लोणी परत घातले आणि गप्प बसले.

आता त्याला शेडपर्यंत चालले तरी धाप लागते. डॉक्टर जुन्या सिगारेटींना दोष देतात. त्यांचे खरेही असेल. पण लोण्याचे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. वहीत प्रत्येक बाटलीची तारीख आणि प्रमाण आहे. ती डॉक्टरांना द्यावी. सर्व अर्क आणि मुरत ठेवलेल्या अकरा बाटल्या नगरपालिकेच्या घातक कचऱ्यात जमा कराव्यात, मोरीत ओतू नयेत. हे कलम <s>माझ्या अंत्यविधीनंतर</s> ड्यूगाल्डला वाचून दाखवावे.

पुढील मजकूर साक्षीदार आल्यावर लिहिला आहे.

ज्याला वाटा मिळणार तो खोलीत नसलेला बरा, म्हणून ड्यूगाल्डला पडवीत बसवले होते. तो खोकत होता. वैओराने कलम ४ वाचले आणि कागद माझ्यासमोर आपटला. "तू मेल्यावर सांगायचं होय? आणि झडप झकास बसली, तू अजून पंधरा वर्षं जगलीस, तर? तोवर त्यानं हेच ओढायचं का?" दुसरा साक्षीदार ग्रॅहम ट्वीडी खिडकीबाहेर बघत राहिला.

मी पडवीत गेले आणि कलम ४ ड्यूगाल्डला वाचून दाखवले. त्याने शेवटपर्यंत ऐकले. मग एवढेच विचारले, "आणि तू गं? तूही तेच ओढत होतीस ना?"

हे मी वर लिहिले नव्हते, आता लिहिते. नाही. बेव्हनचा कागद वाचला, त्या दिवसापासून माझ्या बाटलीत लोणी नव्हते. त्यालाही मी हेच सांगितले.

त्याने हिरवी वही उचलली. "डॉक्टरकडे मी एकटा जाईन. तू येऊ नकोस. आणि ते घर माझ्या नावावरचं खोडून टाक."

मी कलम १ खोडलेले नाही. कलम ४ मधले दोन शब्द तेवढे खोडले असून त्याशेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत.

ब्लफ, साउथलँड
मंगळवार, दुपारी तीन वाजता, १७ जून २०२५

(सही) एव्हिस जीन डालगार्नो

आम्हा दोघांच्या समक्ष तिने सही केली, तिच्या समक्ष आम्ही:
१. (सही) वैओरा किंगी, शेजारी
२. (सही) ग्रॅहम ट्वीडी, निवृत्त पोस्टमन