चाकांना लावलेली चिंच

रविवार, २९ सप्टें. १९५७
रामरक्षा म्हणून मालकांच्या कापसाच्या जिनिंगवर. धुणाऱ्या सुखदेवने मालकांच्या मोटारीची चाके घासूनपुसून केली. चार चाकांना दोन तास. आधी पाणी, मग घासलेटाचे मऊ फडके, मग कोरडे कापड, शेवटी बोटभर व्हॅसलीन. गफ्फार मिस्त्रीने शिकवले तसेच. गावात म्हणतात मोटारीला चांदीची चाके आहेत. मालक चाकात वाकून मिशा बघतात. मागच्या बाजाराला एका बैलाने चाकावर शेण उडवले, तर त्यांनी गाडीवानाला भर रस्त्यात चाबकाने फोडले. मी स्टेअरिंगवर बसून होतो. मान वळवली नाही.
सु. म्हणाला, "काकाजी, दसऱ्याले मी नाही. नागपूरले जातो. दीक्षेले साल होते." पूजेची चाके कोण करील विचारले तर हसला. "पूजा तुमची, चाकं तुमची. मी आता नारळ फोडत नाही." म्हटले जा, मी करतो.

बुध., २ ऑक्टो. खंडेनवमी
सु. सकाळच्या सर्व्हिस मोटारीने गेला. जाण्याआधी चाके लख्ख करून गेला, तरी दुपारनंतर मी पुन्हा घेतली. घासलेटाला हात लावावासा वाटेना. उद्या ज्यांना हळदकुंकू वाहायचे त्यांना घासलेटाचा वास? आई देवाची पितळेची भांडी चिंच-मिठाने घासायची, मग चाळलेल्या राखेने. तसेच केले. घरून चिंचेचा गोळा नेला. मीठ सढळ घातले. लेप उद्या सकाळपर्यंत राहू देणार, जुन्या समईला ठेवतो तसा.
मन प्रसन्न. इतकी वर्षे गाडी नुसती हाकली, आज सेवा केली.

गुरु., ३ ऑक्टो. दसरा
राखेने घासून धुतली. जरा दुधाळ दिसली. दंव असेल. झेंडू बांधला, चाकांखाली लिंबे ठेवली.
मालकांनी विचारले, धुणारा कुठे आहे. नागपूरला, म्हणालो. "माह्या पूजेले पाठ दाखवून गेला?" नारळ असा आपटला की करवंटी उडून मुनीमजींचा गाल फाटला. मुनीमजी गालावर हात धरून आरतीला उभे राहिले.

शनि., ५ ऑक्टो.
चाकांवर तपकिरी ठिपके. पुसून जात नाहीत. नखाने खरवडले तर पापुद्राच हाती आला. 
एका चाकावरची टोपी काढून गफ्फारकडे नेली. ठिपक्यांकडे बघूनच म्हणाला, "इमली. और नमक. केशवभाऊ, ये चांदी नाही, पीतल नाही. लोखंडावर क्रोमचं पाणी चढवलं हाये, कागदापेक्षा पातळ. खा गया." मुंबईला धाडून सगळे उतरवून नवे चढवावे लागेल, इथे होत नाही. मग माझ्या हातांकडे पाहिले. कोणी लावली, ते विचारले नाही.
मालक परगावी. उद्या सांगतो.

रवि., ६ ऑक्टो.
लिहावे की नाही. लिहितो.
मी पोचलो तेव्हा मालक चाकाशी उकिडवे बसले होते. तेवढ्यात सु. फाटकातून आला, नागपूरहून थेट, नवा पांढरा सदरा. मालक उठले. जाता जाता सूड उगवून गेलास, म्हणाले. सु. म्हणाला, मी गेलो तवा चाकं आरशावाणी होती. मुस्काटात बसली. मग डिकीतून इंजिन फिरवायचे लोखंडी हँडल निघाले.
मला म्हणाले, "केशव, धर याले."
मी धरले. त्याचा उजवा हात चाकावर ठेवायला लावला, तो मी तिथे दाबून धरला. सु.ने मान वळवली. "काकाजी, तुमाले तं माहीत हाये. सांगा ना."
हँडल तीनदा खाली आले. पहिल्यांदा ओला फाटा मोडल्यासारखा आवाज. दुसऱ्यांदा तो ओरडला. तिसऱ्यांदा ओरडला नाही, हात माझ्या हातात ढिला झाला. सदरा पोटापर्यंत लाल. माझ्या अंगावर थेंब नाही.
मालकांनी हँडल माझ्याकडे दिले, पूस म्हणाले. पुसले. जागेवर ठेवले.

सोम., ७ ऑक्टो.
गफ्फारने सु.ला ट्रकमध्ये घालून यवतमाळच्या दवाखान्यात नेले.
हिने विचारले, "गोळा तुमीच नेलता ना?" हो म्हणालो.  ताट समोर सरकवते आणि आत जाते.
रामरक्षा अर्ध्यावर अडली. पाठ आहे, तीस वर्षांची. ओळ सापडेना.

गुरु., १० ऑक्टो.
सु.च्या वस्तीतले कोणीच चार दिवस जिनात आले नाही. आज मालकांनी माणसांना काठ्या दिल्या. पाच जण मोटारीत, बाकीचे मागून बैलबंडीत. मोटार मी चालवली. वस्तीच्या तोंडाशी उभी केली, इंजिन चालू ठेवायला सांगितले होते, ठेवले.
दारे फोडली. रांजण फोडले. एका म्हातारीला केसांनी धरून उंबऱ्याबाहेर ओढले. बुद्धाची तसबीर अंगणात टाकून तिच्यावर पायताणांसकट नाचले. काचेचा आवाज मोटारीपर्यंत आला. मग बाया दगड घेऊन निघाल्या. सु.चा धाकटा भाऊ भीमा कुऱ्हाड घेऊन आला आणि तिच्या तुंब्याने, बोथट बाजूने, त्याने आमच्या काठीवाल्यांतल्या नथ्थूला मारले. कानापासून डोके उघडे झाले. परतताना नथ्थू मागच्या सीटवर आई आई करत होता, मग गप्प झाला. जिवंत आहे.
मोटार धुवायला आता मीच. रक्त क्रोमवर टिकत नाही, ओल्या फडक्याने जाते. ठिपके तसेच.

शनि., १२ ऑक्टो. संकष्टी
मालकांनी बोलावले. सु. आणि भीमा, दोघांवर खटला. चाके मुद्दाम नासवली तिथून सुरुवात, मग वस्तीने हल्ला केला असे पुढे. वस्तीत कोण गेले होते ते त्यात नाही. फौजदार सोमवारी जबाबाला येणार.
"तू पाह्यलं. तो चिंच लावून राह्यला होता. तुह्या डोळ्यानं पाह्यलं. काय?"
जी, म्हणालो.
चिंच कोणी ओळखली? मुनीमजींनी असेल. मला कोणी विचारलेच नाही. माझ्यावर कोणाला संशयही नाही, मी पूजा करणारा माणूस.
तिथून कळंबला गेलो. चिंतामणी गणपतीच्या पायऱ्यांशी उभा राहिलो. गाभारा खाली, उतरवेना. चार दुर्वा एका पोरीच्या हाती दिल्या, वाहून ये म्हटले. उपास सोडला नाही. हिने चंद्र दाखवला, तरी सोडला नाही.

रवि., १३ ऑक्टो.
यवतमाळ. सु.ची खाट भिंतीशी. हात कोपरापर्यंत बांधलेला. दोन बोटे काढून टाकली. शेजारी त्याचा बाप बापू, माझ्याच वयाचा. एका शाळेत होतो आम्ही. मी वर्गात बसायचो, तो दाराबाहेर.
उभ्यानेच सांगितले. चिंच मी लावली. देवाच्या भांड्यासारखी घासली. त्या दिवशी बोललो नाही.
बापू उठला आणि काठी माझ्या खांद्यावर घातली. परत एकदा. दवाखान्यातला माणूस धावला, त्याला मीच थांबवले. तिसऱ्यांदा उचललेली काठी बापूने खाटेखाली टाकली. खाली बसला.
 सु. म्हणाला, "मले कायले सांगता? म्या नाही केलं ते मले माहीतच होतं. तिथं सांगा." मग, "हात काहून धरला, काकाजी?"
 मालक म्हणाले म्हणून, हे तोंडात आले. गिळले.
परतीच्या सर्व्हिस मोटारीत खांदा ठणकत होता. बरे वाटले असे लिहिणार होतो. तसे नाही. माराने काही फिटत नाही.

सोम., १४ ऑक्टो.
सकाळी हिला सांगितले, आज खरे बोलणार. म्हणाली, "मालक जित्ता ठेवीन काय?" मग माझे धोतर धुतलेले काढून दिले.
आधी मालकांना सांगायचे ठरवले. इतकी वर्षे मीठ खाल्ले, पाठीमागून नको. आवारात गाठले. चिंच मी लावली, म्हणालो. ते हसले. "तुले कोणं पढवलं? त्या मिस्त्रीनं?" म्हटले कोणी नाही, दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी लावली, सुखदेव नागपूरला होता, हेच फौजदारांना सांगणार. हसू गेले. चाकांसाठी आता मुंबई करावी लागेल, हे ते बोललेच नाहीत. म्हणाले, "म्हंजे मी बिनकामी मारलं त्याले? गावात असं सांगू?"
मी म्हणालो, जी.
त्यांनी हँडल आणायला मलाच डिकीकडे पाठवले. आणि मी गेलो. सवयीने गेलो, आणून हातात दिले. मग तोंडावर बसले.
समोरचे दोन दात गेले, खालचा ओठ फाटला. कोणी धरले नव्हते. मुनीमजी, दोघे हमाल, सगळे लांब उभे. पडलो तेव्हा गाल चाकाला टेकला. गार होते.
आता घरी. तोंडात फडके. ही ओठावर हळद दाबते आहे आणि शिव्या देते आहे. कोणाला ते कळत नाही. बहुतेक मला.
दुपारी गफ्फार येऊन गेला. म्हणाला चलो, ट्रक उभा हाये, यवतमाळला मोठ्या साहेबापुढे सांगा. म्हटले नाही, जिथे त्याचा हात धरला तिथेच सांगतो. डोके हलवून गेला. ट्रक मात्र नेला नाही, नाल्यापाशी लावून बसला आहे.

तोच दिवस, चार वाजता
शिपाई बोलवायला आला आहे. फौजदार मालकांच्या ओसरीवर चहा घेत आहेत, जबाब तिथेच घेणार म्हणे. मालकही तिथेच बसतील. भीमाला बेड्या घालून आवारात बसवले आहे, आणि वस्तीची माणसे फाटकाबाहेर उभी आहेत, बायांसकट. आत नथ्थूचा बापही उभा आहे, कुऱ्हाड घेऊन. शिपाई म्हणाला, लवकर चला, अंधारायच्या आत काहीतरी होईल.
फडके काढून बोलून पाहिले. ओठ मिटत नाही. बरेच शब्द फुटतात, हिलाही कळले नाहीत. ‘मी’ तेवढा नीट निघतो. ‘धरला’ अर्धा. हळूहळू बोलावे लागेल, आणि ते ऐकून घेईपर्यंत ओसरीवरून हलायचे नाही. निघतो.